उसनी जिवणी

स्टुडिओत धाकटीला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. कुणाच्या कपाळावर फोड आलेला असो, ऐन वेळी कुणाचे डोळे मिटलेले असोत, कुणाचं पोट कोटाच्या बटणांना जुमानत नसो, फोटो शेवटी तिच्याच टेबलावर यायचा. ती तो कॉम्प्युटरवर उघडायची, हातात ते प्लॅस्टिकचं पेन घ्यायची, आणि दुपारपर्यंत माणूस बरा होऊन बाहेर पडायचा. मालक म्हणायचे, "देवानं घाईघाईत केलेली माणसं आमच्या बाई सावकाश करतात."

कामाची रीत साधीच होती. एका काचेवर चित्र आहे असं समजा. त्याच्यावर दुसरी कोरी काच ठेवली आणि जे रंगवायचं ते तिच्यावर रंगवलं, तर खालच्या चित्राला धक्का लागत नाही. नको वाटलं की वरची काच उचलायची. कॉम्प्युटरवर चेहरे दुरुस्त करणाऱ्याचं सगळं काम अशा एकावर एक ठेवलेल्या काचांवर चालतं. त्यांना थर म्हणतात. प्रत्येक थराच्या नावापुढे एक बारीक डोळा असतो. तो मिटला की तो थर दिसेनासा होतो, पण जात नाही. आत असतोच.

आणि एक नियम होता, तिला मालकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेला. जे महिन्याभरात आपोआप जाणार आहे ते काढायचं, जे जन्माचं आहे ते ठेवायचं. फोड काढायचा, तीळ ठेवायचा. गिऱ्हाईक कितीही हटून बसलं तरी धाकटी तीळ काढण्यापूर्वी एकदा विचारायची, "नक्की ना? आरशात तर तो राहणारच आहे." निम्मी गिऱ्हाइकं तिथेच हसून माघार घेत.

बाबा गेले, त्यानंतर दादाने तिला घरी बोलावून घेतलं. बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वरची भिंत दाखवून तो म्हणाला, "इथे आई आणि बाबा. दोघं शेजारी शेजारी. एका फ्रेममध्ये. पुढच्या रविवारी सगळे नातेवाईक यायचेत, त्याआधी लागला पाहिजे."

"दोघांचा एकत्र फोटोच नाहीये, दादा."

"म्हणून तर तुला सांगतोय. असता तर फ्रेमवाल्याला नसतं सांगितलं?"

बाबांचा म्हणावा असा एकच चांगला फोटो होता. धाकटी स्टुडिओत लागली तेव्हा तिनेच हौसेने काढलेला. दोन खुर्च्या, एकीवर बाबा, नेहमीपेक्षा ताठ, आणि दुसरीवर मावशी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. धाकटीच्या जन्मानंतर आईने अंथरूण धरलं, तेव्हा तिची शुश्रूषा करायला म्हणून ती या घरात आली. आई गेली आणि पुढे बाबांनी तिच्याशी लग्न केलं. दादा तेव्हा नुकता शाळेत जाऊ लागला होता, धाकटी पाळण्यात होती. धाकटीला वाढवली मावशीने. लहानपणी एकदा धाकटीने तिला "आई" अशी हाक मारली, तर दादाने तिला अंगणात नेऊन सांगितलं होतं, "आई मेली आहे. ही मावशी." तेव्हापासून सगळ्यांसाठी ती मावशीच राहिली. बाबासुद्धा मुलांसमोर तिला मावशीच म्हणत.

"मग मावशीला काढायचं?" धाकटीने विचारलं.

"काढायचं."

"आमच्यात नियम आहे. जन्माचं असेल ते काढत नाहीत."

"मावशी कुठे जन्माची आहे?" दादा म्हणाला. "ती नंतर आली."

आतून मावशीच्या कपबश्यांचा आवाज येत होता तो थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. वहिनीने नुसतं दादाकडे पाहिलं. नवऱ्यापुढे बोलून उपयोग नसतो हे तिला लग्नानंतर लवकर कळलं होतं. धाकटीला दादाने शाळेत पोचवलं होतं, तिच्या फीसाठी बाबांशी भांडला होता, तिच्या पहिल्या नोकरीच्या दिवशी दाराबाहेर उभा राहिला होता. त्याला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

आता प्रश्न आईचा. आईचा फोटोही एकच, आणि तोही अर्धा. कधीतरी फ्रेममध्ये ओल शिरली, फोटो काचेला चिकटला, आणि सोडवताना नाकाखालचा सगळा भाग काचेवरच राहिला. कपाळ होतं, डोळे होते, नाक होतं. त्याच्याखाली पांढरट खरवड. दादाचं म्हणणं, मावशीने काच ओल्या फडक्याने पुसली म्हणून हे झालं. मावशीचं म्हणणं काहीच नव्हतं.

"जिवणी मला आठवते," दादा म्हणाला. "मी सांगतो तशी कर. हसायला लागली ना, की डावा कोपरा आधी हलायचा. उजवा मागून यायचा. जसं काही त्याला परवानगी लागायची."

हे सांगताना त्याचा आवाज इतका मऊ झाला, की धाकटीने निमूटपणे दोन्ही फोटो पिशवीत घातले.

स्टुडिओत येऊन तिने आधी मावशीला काढलं. माणूस काढणं तसं अवघड नसतं. त्याच्या मागे काय असेल ते ओळखायचं आणि आजूबाजूचं थोडं थोडं उचलून तिथे भरायचं. थोडी भिंत, खुर्चीची थोडी पाठ. ते झालं. मग जिवणीच्या मागे लागली.

पहिल्यांदा तिने दादाचीच घेऊन पाहिली. मुलगा आईवर गेलेला असतो म्हणतात. दाढीची हिरवट झाक काढली, ओठ जरा बारीक केले. मालक चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्या मातोश्री कुस्ती खेळायच्या का?"

मग स्वतःची लावली. दादाला फोनवर पाठवली. त्याचं उत्तर आलं, "ही तू आहेस. आजारी पडलेली." खरंच होतं, धाकटी बाबांवर गेलेली. मग तिने तयार मालाला हात घातला. प्रत्येक स्टुडिओत असा साठा असतो. कोट, टाय, नीट बसलेले केस, आणि ज्यांनी फोटोत डोळे मिटले त्यांच्यासाठी उघडे डोळे. त्यात ओठही होते, कुणाकुणाचे. ते लावल्यावर दादाने लिहिलं, "जाहिरातीतली बाई माझी आई नव्हती." त्यानंतर दोन दिवस ती रोज एक नवी जिवणी बसवत होती आणि दादा रोज ती परत पाठवत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी डबा घेऊन आली. धाकटी डबा विसरली की मावशी तो आणून द्यायची. लग्न होऊन धाकटी वेगळी राहायला गेली, तरी आठवड्यातून दोनदा ती विसरतेच असं मावशीने ठरवून टाकलं होतं. डबा टेबलावर ठेवताना तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. बाबा, आणि शेजारी रिकामी खुर्ची.

धाकटीने घाईघाईने दुसरं काहीतरी उघडायला घेतलं.

"राहू दे," मावशी म्हणाली. "पाहिलं मी. मला कुठे टाकलंस?"

"आहेस तू. दुसऱ्या थरावर आहेस. नुसता डोळा मिटलाय."

"माझा?"

"थराचा गं."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, तेवढंच राहिलं होतं." ती स्टूल ओढून बसली. पदरमोड करून माणूस जसा विनोद करतो तसा तो विनोद होता. धाकटीला हसता आलं नाही. मावशीने चष्मा नाकावर सरकवला आणि ती पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीतला आईचा चेहरा पाहू लागली. त्या दिवशीच्या नव्या ओठांसकट.

"हे तिचे नाहीत."

"ते दादाही म्हणतो. कसे होते ते कुणालाच सांगता येत नाही."

"सांगायचं काय त्यात? माझ्यासारखे. आमच्या वडिलांना, नुसतं तोंड पाहून कोण कोण ते कळायचं नाही. तोंडाला रुमाल लावला तर उलट कळायचं, कारण डोळे वेगळे. पण जिवणी एकच. एकाच साच्यातून काढलेली."

धाकटीच्या मनात आलं, काखेत कळसा नि गावाला वळसा. तिने दादाची घेतली, स्वतःची घेतली, कुठल्याकुठल्या अनोळखी बायकांची घेतली, आणि समोर बसलेल्या सख्ख्या बहिणीकडे मान वर करून पाहिलं नाही. पण पाहिलं नव्हतं त्याला कारणही होतं. जिला आपण फोटोतून काढतोय, तिच्याकडेच मागायला कुठल्या तोंडाने जायचं?

"बसू का?" मावशीनेच विचारलं. "तिकडे, दिव्यापुढे?"

"मावशी, तुला माहितीये ना हे कशासाठी..."

"अगं, मला काय दिसत नाही का? खुर्ची माझी, बसणार ती. मग निदान तोंड तरी धड असू दे तिचं. लोक म्हणतील, बहीण असून एवढंही केलं नाही."

आतल्या खोलीत दिवे होते, करड्या कापडाचा पडदा होता. मावशी स्टुलावर बसली, हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी. धाकटीने प्रकाश आईच्या फोटोत होता तसा बाजूने घेतला. हे जमलं नाही तर उसना आणलेला भाग चेहऱ्यात कधी बसत नाही. नाकाची सावली एकीकडे आणि ओठांची दुसरीकडे पडते, आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते कळत नाही पण चुकलंय एवढं कळतं.

"आता हस."

मावशी हसली. फोटोसाठी माणसं हसतात तशी, दातांवर ओठ ताणून.

"असं नको. दादा म्हणतो, आईचा डावा कोपरा आधी हलायचा, उजवा मागून."

मावशीचं हसू विझलं. ती दिव्याच्या पांढऱ्या छत्रीकडे बघू लागली.

"असं म्हणाला?"

"हो. का गं?"

"ताई त्या काळात कुठली हसतेय. तिला कूस बदलली तरी कळ यायची. आणि त्याआधीही ती हसरी नव्हती. मायाळू होती, पण हसरी नाही. मी आले तेव्हा तुझा दादा एवढासा होता. माझ्या मागे मागे असायचा. एकदा शाळेतून एकच बूट घालून आला. ताई आत झोपली होती, मी दार उघडलं. म्हटलं, दुसरा कुठाय? म्हणाला, कुत्र्यानं खाल्ला. म्हटलं, नाडीसकट? तर विचार करून म्हणतो कसा, नाडी त्यानं सोडली, त्याला आवडत नाही." मावशी रागावायचा प्रयत्न करत होती, इतक्या वर्षांनीसुद्धा, आणि ते तिला जमेना. डावा कोपरा निसटला. मग उजवा.

धाकटीने बटण दाबलं. मग कॅमेरा खाली केला.

"मावशी, म्हणजे दादाला जे आठवतंय ते..."

"त्याला आठवतंय ते त्याचं आहे."

"पण ते हसू तुझं आहे."

"असेल. माझं लग्न झालं आणि त्यानं माझ्या तोंडाकडे बघणं सोडलं. काही हवं असलं तर भिंतीला सांगतो. त्याला बिचाऱ्याला कुठलं कळायचं माझं तोंड कसंय ते." ती स्टुलावरून उतरली, सपाता शोधू लागली. "त्याला सांगू नकोस हां यातलं काही. फोटो चांगला कर. सुरकुत्या तेवढ्या काढ, ताई तरुण गेली."

पुढच्या दोन दिवसांत धाकटीने जसं काम केलं तसं पूर्वी कधी केलं नव्हतं. ओठांभोवतीच्या बारीक रेषा एकेक करून पुसल्या, पण कातडीचा पोत ठेवला. तो गेला की माणूस मेणाचा दिसतो. हनुवटीखालचं सैल मांस उचललं. जुन्या फोटोचा पिवळसरपणा जिवणीवर हलकाच फिरवला, थोडा दाणा, म्हणजे जुन्या फोटोत दिसतात तसे बारीक ठिपके, टाकला. वरचे डोळे आईचे, खालचं हसू मावशीचं, आणि मधला सांधा शोधायचा म्हटलं तर तिला स्वतःलाही सापडेना. मग त्या चेहऱ्याला साठ्यातलं साडी नेसलेलं अंग जोडून तो बाबांच्या शेजारी बसवला. मालक चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून बघत राहिले. चेष्टा केली नाही. "लावा फ्रेमला," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी दादाने खिळा ठोकला. वहिनीने सोफा पुसला, धाकटीने फोटो वर दिला, दादाने स्टुलावर चढून तो टांगला, उतरला, मागे सरकला, आणि पाहिलं.

तो खाली बसला. सोफ्यावर नाही, जमिनीवरच बसला. एवढा मोठा माणूस, कानशिलं पिकलेला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्याने पुसलंही नाही.

"हीच," तो म्हणाला. "हीच गं. कसं केलंस तू?"

धाकटी खाली पडलेला फ्रेमचा कागद गोळा करू लागली.

"तुला नाही आठवणार, तू पाळण्यात होतीस. एकदा मी शाळेतून एक बूट हरवून आलो. घाबरलो होतो, मार बसणार म्हणून. हिनं दार उघडलं. रागावायला गेली, आणि हे असं झालं बघ. हा कोपरा. इथून निसटलं तिचं हसू. मला अजून दिसतंय ते दार."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मावशीने मान किंचित हलवली. नको.

दादाने वळून मावशीला पाहिलं. म्हणजे तिच्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी पाहिलं, नेहमीसारखं. "बघ," तो म्हणाला. "हिला आई म्हणतात. एवढी वर्षं या घरात काढलीस, एकदा तरी असं हसलीस का आमच्याकडे बघून?"

"नाही रे," मावशी म्हणाली. "मला कुठलं जमायला?"

आणि धाकटीच्याने राहवलं नाही. पुढे कितीतरी वेळा तिच्या मनात आलं, की त्या क्षणी आपण चहाचा कप उचलला असता, खोकलो असतो, काहीही केलं असतं, तर ते निभावून गेलं असतं. पण तिने तसं केलं नाही.

"दादा, ते दार मावशीनं उघडलं होतं."

दादाने मान तिच्याकडे वळवली.

"ही जिवणी मावशीची आहे. मी तिला दिव्यासमोर बसवून फोटो काढलाय. सुरकुत्या काढल्या, बाकी काही केलं नाही. बुटाची गोष्ट तिनंच मला सांगितली. कुत्रा, नाडी, सगळं. तुला जे आठवतं ना, ते आईचं नाही."

दादाने मावशीकडे पाहिलं. या वेळी खांद्याकडे नाही, सरळ तोंडाकडे. मावशीचे दोन्ही हात ट्रेमध्ये अडकलेले होते. झाकायला तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून तिने ओठ आत ओढून घेतले, दात नसलेल्या म्हातारीसारखे.

"अहो, पाणी देऊ का?" वहिनी म्हणाली.

दादा उठला. स्टुलावर चढला, फ्रेम उतरवली, आणि चेहरे भिंतीकडे करून सोफ्यामागे ठेवली. आवाज न चढवता म्हणाला, "दार आईनंच उघडलं होतं."

"हो," मावशी म्हणाली. "ताईनंच. मी तेव्हा मागे होते, न्हाणीघरात. ही काहीतरी चुकीचं ऐकून बसलीये."

पण आता ते बोलून काय होणार होतं. एकदा दोन ओठांकडे बघितल्यावर बघितलं नाही असं होत नाही.

संध्याकाळी नातेवाईक आले, बसले, बाबांबद्दल चांगलं बोलले. खिळा रिकामा होता. एका काकांनी विचारलं, "इथे काही लावायचं होतं वाटतं?" दादा म्हणाला, "तयार व्हायचंय अजून." मावशीने सगळ्यांना चहा दिला. दादाचा कप वहिनीने दिला.

सगळे गेल्यावर धाकटी आत गेली. मावशी कप विसळत होती.

"मावशी, मला तुझ्यासाठी वाईट वाटलं म्हणून..."

"माहितीये."

"तो तुला तसं बोलला, आणि तू ऐकून घेतेस, हे मला..."

"तुला सहन झालं नाही." मावशीने कप पालथा घातला. "तुला नाही झालं. मला होत होतं."

"खोटं होतं ते, मावशी."

"असू दे की. माझं खोटं होतं, तुझं नव्हतं. तू कोण ते वाटून टाकणारी?" ती धाकटीशी अशी कधी बोलली नव्हती. आवाज तोच होता, रोजचा, भाजी आणायला सांगावं तसा. "सकाळी तो खाली बसला ना, जमिनीवर. बघत होता. माझ्याकडे बघत होता तो, कळतंय का तुला? येता-जाता बघितलं असतं. ऑफिसला जाताना, परत आल्यावर. माया करून बघितलं असतं. मी इथे आत उभी राहून रोज पाहिलं असतं ते. नाव ताईचं असतं, असेना. नावाला काय करायचंय मला?"

"मी तुझा नि बाबांचा फोटो तुला मोठा करून देते. जसाच्या तसा. तो थर आहे अजून माझ्याकडे."

"आणि लावू कुठे? माझ्या खोलीत? तिथे माझ्याशिवाय कोण येतं?" तिने फडकं पिळलं. "जा आता. उशीर होईल."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात. धाकटीला त्या दिवशी ते कळलं, आणि दात आपले होते हेही कळलं.

दोन दिवसांनी भर दुपारी दादा स्टुडिओत आला. तिथे तो पूर्वी कधी आला नव्हता. दारात उभा राहून त्याने आधी मालकांना नमस्कार केला, मग धाकटीच्या मागे येऊन उभा राहिला. मालकांनी काहीतरी निमित्त काढलं आणि ते बाहेर गेले.

"तो उघड," दादा म्हणाला.

तिने उघडला.

तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "जरा बदलता येईल का?"

"काय?"

"थोडंसं. म्हणजे आईच राहील. पण मावशीचं वाटणार नाही."

धाकटीने पेन उचललं. डावा कोपरा केसभर खाली घेतला.

"आता?"

"आता मावशी वाटत नाही." तो वाकून बघत होता. "पण आईही वाटत नाही."

तिने कोपरा परत वर नेला. दुसरा थोडा उचलला. ओठ किंचित भरले, मग किंचित बारीक केले. हनुवटी गोल केली, मग लांबट. दादा प्रत्येक वेळी आधी पडद्याच्या जवळ जाई आणि मग मागे सरके.

"ही कोण आहे?"

"कुणी नाही. मी नाक आणि ओठांतलं अंतर वाढवलं."

"कमी कर. हां. अजून. थांब, थांब, इथे." त्याचा चेहरा क्षणभर त्या रविवारी सकाळी झाला होता तसा झाला, आणि लगेच मिटला. "ही पुन्हा तीच झाली."

"तीच होणार, दादा. तू जिथे थांब म्हणतोस ना, ती बरोबर तिचीच जागा आहे. मी चारदा पाहिलं."

"त्याच्या अलीकडे काहीतरी असेल की. एवढं मोठं यंत्र आहे. थोडं अलीकडे."

ती थोडं अलीकडे गेली. तिथे कुणीच नव्हतं. थोडं पलीकडे गेली, तिथे मावशी होती. मधे जागा नव्हती. दादा उभा होता तो स्टुलावर बसला, ज्या स्टुलावर मावशी डबा ठेवून बसली होती त्याच्यावर, आणि दोन्ही तळव्यांनी त्याने डोळे चोळले.

"मला दुसरं काही आठवतच नाही आईचं," तो म्हणाला. "तुला माहितीये? बाकी काहीच नाही. तेवढंच होतं."

धाकटीला वाटलं, त्याच्या पाठीवर हात ठेवावा. आणि वाटलं, म्हणावं: मग घरी जाऊन एकदा तिच्याकडे बघ ना. जिवंत आहे. डाळ निवडत बसली असेल. पण या घरात आपण एकदा तोंड उघडलं त्याचं काय झालं, ते तिने पाहिलं होतं. ती पेन धरून बसून राहिली.

"बाबांचा एकट्याचा कर," दादा उठत म्हणाला. "तोच लावू."

"आणि हे?"

"हे काढून टाक. ठेवू नकोस कुठे. थरबिर काय म्हणतेस ते सगळं."

"मावशीचाही?"

तो दारापर्यंत गेला होता. थांबला. त्याला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. "काय करायचं ते कर," म्हणाला, आणि गेला.

काम सोपं होतं. तिने आधी जिवणी काढली. डोळे, कपाळ आणि खाली पांढरी खरवड, असा तो चेहरा काही वेळ बाबांच्या शेजारी तसाच राहिला. मग तिने तोही अंगासकट काढला; मावशीचा थर मात्र डोळा मिटलेलाच आत राहिला. रिकामी खुर्ची चांगली दिसेना, बघणारा विचारणारच, की इथे कोण होतं. म्हणून तिने आजूबाजूची भिंत थोडी थोडी उचलून खुर्चीवर पसरली, पायांखालची सावली पुसली, फोटो दोन्ही बाजूंनी कापून बाबांना मधोमध घेतलं. मालक परत आले तेव्हा ती डबा धूत होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, छान आलाय, किती ऐसपैस बसलेत.